छातीच्या हाडाखालची रेषा : एका रग्बी पंचाचं प्रकरण

हे प्रकरण इंग्लंडमधलं, सप्टेंबर २०२३ मधलं. आमच्या काउंटीच्या पंच-संघटनेत, जिला इथे सगळे नुसतं ‘सोसायटी’ म्हणतात, मराठी बोलणारे आम्ही दोघंच. ही गोष्ट दोघांतल्या धाकट्याची. मी त्या हंगामात त्याचा मार्गदर्शक होतो, त्यामुळे जे बिघडलं त्यात माझाही वाटा आहे. त्याच्या परवानगीने लिहितोय. गाव, क्लब, खेळाडू ओळखू येतील असे तपशील काढले किंवा बदलले आहेत.

पार्श्वभूमी

तो कोल्हापूरकडचा. शाळेत कबड्डी खेळलेला. रग्बी त्याने पहिल्यांदा जवळून पाहिली ती इथे, मुलाला रविवारी सकाळी क्लबवर सोडायला जायला लागला तेव्हा. थंडीत हात चोळत उभ्या असलेल्या बापांमधून कुणीतरी लहान मुलांच्या सामन्याला शिट्टी धरायची असते. एकदा याने हात वर केला आणि अडकला. मग पंचांचा कोर्स, मग सोसायटी, मग मोठ्यांचे खालच्या विभागातले सामने. २०२३ चा हंगाम त्याचा चौथा.

या पातळीवरचा पंच मैदानात एकटा असतो, हे आधी सांगायला हवं. टीव्हीवर दिसणारे सहायक, व्हिडिओ पाहणारा अधिकारी, कानातला आवाज, यातलं काही नसतं. बाजूच्या रेषेवर झेंडा घेऊन उभा असतो तो त्याच क्लबचा राखीव खेळाडू नाहीतर कुणाचा तरी काका. चेंडू रेषेबाहेर गेला की झेंडा वर करायचा, एवढंच त्याचं काम. बाकी सगळं एका माणसाच्या दोन डोळ्यांवर.

शिवाय पंचाच्या डोक्यात नियम एक नसतो, त्यांची चळत असते. तळाला वर्ल्ड रग्बीचं नियमपुस्तक. त्यावर जगभर चाचणी म्हणून आलेले आणि मग कायम झालेले बदल, उदाहरणार्थ २०२१ मध्ये आलेला, लांब किकबद्दलचा ‘५०:२२’ हा नियम. त्यावर त्या देशाच्या संघटनेचे फेरफार आणि त्याच्याही वर वयोगटाचे. शनिवारी दुपारी मोठ्यांचा सामना आणि रविवारी सकाळी पंधरा वर्षांखालच्यांचा, असा ज्याचा आठवडा, त्याला अठरा तासांत वेगळ्या नियमांत शिरावं लागतं. एकोणीस वर्षांखालच्या खेळात स्क्रम, म्हणजे दोन्ही संघांच्या पुढच्या खेळाडूंनी एकमेकांना भिडून केलेली ढकलाढकली, दीड मीटरच्या पुढे ढकलता येत नाही. आदल्या दुपारी हीच ढकलाढकली याने हाताने ‘चालू द्या’ म्हणत पाहिलेली असते.

बदल कोणता होता

रग्बीत टॅकल करताना, म्हणजे चेंडूवाल्याला धरून पाडताना, खांद्याच्या रेषेच्या वर धरायचं नाही, हा जुना नियम. डोक्याला बसणाऱ्या माराचा प्रश्न मात्र गेल्या काही वर्षांत फार गंभीर झाला. डिसेंबर २०२० मध्ये इंग्लंडचा माजी खेळाडू स्टीव्ह थॉम्पसन याने जाहीरपणे सांगितलं की त्याला कमी वयात स्मृतिभ्रंश झाला आहे आणि २००३ चा विश्वचषक जिंकल्याचं त्याला आठवत नाही. त्याच्यासह अनेक माजी खेळाडू नियामक संस्थांविरुद्ध कोर्टात गेले. टॅकल खाली आणला पाहिजे, यावर फारसा वाद नव्हता. किती खाली आणि कसा, यावर होता. इंग्लंडने २०१८-१९ च्या चॅम्पियनशिप कपमध्ये काखेच्या रेषेचा प्रयोग करून पाहिला होता, तो मध्येच थांबवावा लागला. टॅकल करणारा वाकला आणि चेंडूवालाही वाकला की दोन्ही डोकी एकाच उंचीवर येतात, हे तेव्हा लक्षात आलं.

१९ जानेवारी २०२३ ला इंग्लंडच्या रग्बी फुटबॉल युनियनने जाहीर केलं की १ जुलैपासून हौशी खेळात टॅकल कमरेच्या वर नको. पुरुषांत नॅशनल वन हा विभाग आणि त्याखाली, महिलांत चॅम्पियनशिप वन हा विभाग आणि त्याखाली, आणि सगळे वयोगट. क्लबांमधून असा काही भडका उडाला की आठ दिवसांत, २७ तारखेला, युनियनला माफी मागावी लागली. मग चर्चा झाल्या आणि एप्रिलमध्ये रेषा थोडी वर सरकली. कंबर नाही, छातीच्या मधल्या हाडाचं खालचं टोक. पोट आणि त्याखाली, असं समजा. व्यावसायिक रग्बी मात्र खांद्याच्या रेषेवरच राहिली.

माझं मत सांगतो. निर्णय बरोबर होता, पण तो आला त्या पद्धतीमुळे लोकांच्या मनात ‘ट्विकनहॅमने’, म्हणजे युनियनच्या मुख्यालयाने, ‘लादलेला नियम’ म्हणून बसला. त्याचा राग ट्विकनहॅमला जाऊन कोण काढणार? तो शनिवारी समोर दिसणाऱ्या पंचावर निघाला.

हंगामाआधीची बैठक

ऑगस्टमध्ये सोसायटीची बैठक झाली. नियमाचा मजकूर सगळ्यांनी वाचला होता, ऑनलाइन धडाही पूर्ण केला होता. प्रश्न होता अंमलबजावणीचा. एक जुना पंच म्हणाला, पहिले तीन आठवडे कडक राहा, खेळाडू आपोआप शिकतील. मी म्हणालो, खेळाडूंना सांभाळून घ्या, ते पंधरा वर्षांची सवय मोडताहेत. दोन्ही वाक्यं ऐकायला शहाणी, पण एकमेकांच्या विरुद्ध. आमच्या पंचाने दोन्ही वहीत लिहून घेतली. त्या वहीचं ते पान मी नंतर पाहिलं. खाली त्याने मराठीत लिहिलं होतं, ‘म्हणजे नक्की काय?’

त्याने हा प्रश्न मोठ्याने विचारला नाही आणि मीही त्याला विचारलं नाही.

सामना

हंगामाच्या दुसऱ्या आठवड्यात त्याला शेजारशेजारच्या दोन क्लबांचा सामना मिळाला. अशा सामन्याला गर्दी जरा जास्त, जुनी खुन्नस थोडी जास्त. आदल्या शनिवारी, ९ सप्टेंबरला, फ्रान्समध्ये इंग्लंडचा विश्वचषकातला पहिला सामना झाला होता. इंग्लंडच्या टॉम करीला तिसऱ्याच मिनिटाला पिवळं कार्ड (दहा मिनिटं बाहेर) मिळालं, डोक्याला डोकं आपटलं म्हणून. मग पडद्यामागे व्हिडिओ पाहणाऱ्या अधिकाऱ्याने, ज्याला ‘बंकर’ म्हणतात, ते लाल (सामन्याबाहेर) केलं. चौदा खेळाडूंनिशी इंग्लंडने अर्जेंटिनाला २७-१० हरवलं आणि सगळेच्या सगळे २७ गुण जॉर्ज फोर्डच्या पायातून आले. आठवडाभर क्लबाक्लबांत दुसरा विषय नव्हता. खेळाडूंच्या डोळ्यांसमोर जे टॅकल होते ते छातीवरचे, टीव्हीवरचे, तिथल्या नियमाने वैध.

पहिल्या चाळीस मिनिटांत आमच्या पंचाने जुन्या पंचाचं ऐकलं. छातीवर टॅकल, शिट्टी. पुन्हा छातीवर, पुन्हा शिट्टी. चेंडू चार हातांतून फिरला की खेळ थांबलाच. रग्बीत पंचाला ‘सर’ म्हणतात आणि वाद फक्त कर्णधार घालतो. पण ‘सर’ हा शब्द किती सुरांत म्हणता येतो हे त्या दिवशी कळलं, असं तो म्हणाला. प्रेक्षकांतून ओरडा सुरू झाला, ‘खेळू द्या!’ वीस मिनिटांनी दोन्ही कर्णधार एकाच बाजूला होते, पंचाच्या विरुद्ध.

मध्यंतर : निर्णयाचा पहिला क्षण

या पातळीवर मध्यंतर म्हणजे जेमतेम पाणी पिण्याइतका वेळ. तो मैदानाच्या मध्यावर एकटा उभा होता. यजमानांचा प्रशिक्षक चालत आला आणि अगदी सभ्यपणे म्हणाला की नियम आम्हालाही ठाऊक आहे, पण दोन्ही बाजूंना खेळ हवा आहे, थोडं समजून घ्या.

त्या वेळी त्याच्यापुढे काय काय पर्याय होते, ते आम्ही नंतर कागदावर मांडले. पहिला, आहे तसं चालू ठेवायचं आणि दुसऱ्या हाफमध्ये कार्डं काढायची. नियमाने बरोबर, पण सहा-सात जण बाहेर बसण्याची शक्यता. दुसरा, सैल सोडायचं, म्हणजे मनातल्या मनात रेषा पुन्हा खांद्यापर्यंत न्यायची. तिसरा, दोन्ही कर्णधारांना बोलावून सांगायचं की आतापासून मी एकच गोष्ट बघणार आहे, टॅकल करणारा ताठ उभा आहे की कंबरेत वाकला आहे. ताठ असेल तर पेनल्टी, तीच चूक पुन्हा झाली तर पिवळं.

तिसरा पर्याय त्याला सुचलाच नाही. त्या दोन मिनिटांत त्याला माझं वाक्य आठवलं, सांभाळून घ्या. त्याने दुसरा निवडला. कुणाला काही न सांगता.

दुसरा हाफ रंगला. शिट्टी कमी, धाव जास्त, प्रेक्षक खूश. टॅकल मात्र हळूहळू चढत गेले. ज्याला कुणी थांबवत नाही तो हात वरच जातो. शेवटच्या पंधरा मिनिटांत पाहुण्यांचा आठ नंबरवाला चेंडू घेऊन सरळ घुसला, यजमानांचा मागच्या फळीतला सेंटर ताठ उभा राहून सामोरा गेला, आठ नंबरवाला शेवटच्या पावलाला किंचित खाली झुकला आणि डोक्यावर डोकं आदळलं. आठ नंबरवाला उठला, दोन पावलं टाकली आणि खाली बसला.

निर्णयाचा दुसरा क्षण

खेळाडूला बाहेर काढण्याबाबत त्याने क्षणभरही वेळ घालवला नाही, हे नोंदवायला हवं. हौशी खेळात ‘तपासून परत पाठवू’ हा प्रकार नसतो. शंका आली की बाहेर, त्या दिवशी परत नाही. एप्रिल २०२३ मध्ये ब्रिटनने हौशी खेळांसाठी काढलेल्या मार्गदर्शनाप्रमाणे अशा खेळाडूला निदान २१ दिवस सामना खेळता येत नाही.

कार्डाचं काय? डोक्याशी संपर्क झाला की पंचाने चार प्रश्न विचारायचे असतात. संपर्क झाला का? तो दोषाने झाला का? धोका किती? आणि दोष सौम्य करणारं काही आहे का? याने शेवटच्या प्रश्नाचं उत्तर दिलं, आठ नंबरवाला ऐनवेळी झुकला. म्हणून लाल नाही, पिवळं.

या निर्णयावर सोसायटीत आजही एकमत नाही. मला ते लाल वाटतं. सेंटर वाकण्याचा प्रयत्नच करत नव्हता. चेंडूवाला झुकला नसता तरी तो टॅकल छातीवर, म्हणजे बेकायदाच झाला असता. जो आधीच रेषेच्या वर आहे त्याला झुकण्याची सूट का द्यावी? आमचा दुसरा एक अनुभवी पंच म्हणतो, ते झुकणं इतकं अचानक होतं की पिवळं योग्यच. चित्रफीत दहा वेळा पाहूनही आम्ही आपापल्या जागीच आहोत. तेव्हा एका कोनातून, एकदाच, धापा टाकत पाहणाऱ्याला मी या कार्डाबद्दल बोल लावत नाही. त्याआधीच्या पस्तीस मिनिटांबद्दल मात्र लावतो.

रात्री त्याचा फोन आला. “दादा, पहिल्या हाफला मी नियमानं चाललो तर सगळे चिडले. दुसऱ्या हाफला सगळे खूश होते, आणि पोरगं पडलं बघा.” मी त्याला म्हणालो, “अरे, उद्या बोलू, आज झोप.” यापेक्षा बरं काही मला सुचलं नाही.

नंतर काय केलं

पाहुण्या क्लबचं पत्र सोसायटीला आलं. निकालाबद्दल एक शब्द नव्हता. प्रश्न एकच होता : पहिल्या हाफमध्ये जे चूक होतं ते दुसऱ्यात बरोबर कसं झालं? त्याला उत्तर नव्हतं. सोसायटीने मला सांगितलं, दोघं बसा आणि सामना पाहा.

यजमान क्लबने खांबावर लावलेल्या एकाच कॅमेऱ्याचं चित्रण होतं. पाहायला बसलो तेव्हा माझा अंदाज होता की पहिला हाफ बरोबर निघेल आणि दुसरा चूक. निघालं भलतंच. पहिल्या हाफच्या बऱ्याच पेनल्ट्या रकच्या, म्हणजे जमिनीवरच्या चेंडूवर चाललेल्या झुंजीच्या, अगदी लगत, चेंडू उचलून दोन पावलं घुसणाऱ्या पुढच्या फळीतल्या फॉरवर्डवर झालेल्या टॅकलच्या होत्या. तिथे चेंडूवाला मुळातच दुमडलेला असतो. त्याच्या छातीच्या हाडाखाली शिरायचं तर जमिनीतून वर यावं लागेल. अशा वेळी पंचाने पाहायचं ते टॅकल करणाऱ्याकडे : तोही वाकला आहे ना, आणि संपर्क खांद्याच्या रेषेखाली आहे ना. हे खुलासे नियमाबरोबर आले होते. त्याने ते वाचलेही होते. पण डोळ्यांनी पकडली ती एकच गोष्ट, हात कुठे लागला.

म्हणजे जिथे सोडायला हवं होतं तिथे तो शिट्टी वाजवत राहिला आणि लोकांची सहनशक्ती तिथेच संपवली. मोकळ्या मैदानात वेगाने येणाऱ्यावर ताठ उभं राहून केलेले टॅकल, ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप झाला, त्यांची वेळ आली तेव्हा त्याच्याकडे खर्च करायला काही उरलं नव्हतं. चित्रण थांबवून तो बराच वेळ पडद्याकडे पाहत होता. मग म्हणाला, “कबड्डीत घोटा धरायचा तर आधी आपली कंबर खाली जाते. मी पोरांच्या कंबरा बघायच्या सोडून छात्या बघत बसलो.” त्याला मिळालेला हा धागा माझ्या कुठल्याही सल्ल्यापेक्षा कामाचा निघाला.

पुढचे सहा आठवडे तो दर गुरुवारी संध्याकाळी आपल्या मुलाच्या क्लबवर मोठ्यांच्या सरावाला जाऊ लागला. टॅकलच्या सरावात शिट्टी न वाजवता नुसतं बोलायचं : ‘वाकला’, ‘ताठ’, ‘वाकला’. खेळाडूंना सुरुवातीला गंमत वाटली, मग तेच एकमेकांना ओरडून सांगायला लागले. मला वाटतं, नियम वाचून डोक्यात जातो, पण शिट्टीपर्यंत पोचायला त्याला असंच कुठल्या तरी चिखलातून जावं लागतं.

दुसरी गोष्ट, प्रत्येक सामन्याआधी खिशातल्या कार्डाच्या पाठीवर तीन ओळी. ही कोणती स्पर्धा, टॅकलची रेषा कुठली, स्क्रमला मर्यादा आहे का. आणि शनिवारी सामना असेल तर शुक्रवारी रात्री टीव्हीवरची रग्बी बंद. विश्वचषकाच्या ऐन हंगामात हे त्याने पाळलं. मला जमलं नसतं.

तिसरी गोष्ट, नाणेफेकीच्या वेळी कर्णधारांशी करायचं बोलणं. ते आम्ही लिहून काढलं, काटलं, पुन्हा लिहिलं. शेवटी चार वाक्यं उरली.

परिणाम

पाचव्या आठवड्यात त्याला त्याच पाहुण्या क्लबचा सामना देण्यात आला. मी बाजूला उभा होतो. पहिल्या वीस मिनिटांत त्याने ताठ टॅकलबद्दल दोन पेनल्ट्या दिल्या, कर्णधाराला इशारा दिला आणि तिसऱ्या वेळी पिवळं कार्ड. आरडाओरडा झाला. पण रकजवळचा खेळ त्याने वाहू दिला, म्हणून सामना थांबत थांबत चालला नाही. दुसऱ्या हाफमध्ये त्याच कारणासाठी शिट्टी फार वेळा वाजली नाही आणि तो पहिल्या हाफइतकाच कडक होता, हे मी वहीत टिपत होतो.

डोकं आपटलेला खेळाडू नोव्हेंबरात खेळायला परतला. पत्राला सोसायटीने उत्तर दिलं, त्यात चूक मान्य केली, पंचाचीच नाही तर बैठकीतल्या सूचनांचीही. क्लबने विषय तिथेच मिटवला. त्याची त्या हंगामातली बढती मात्र हुकली. यादीत त्याचं नाव होतं, पण वरच्या श्रेणीच्या निरीक्षणाला सप्टेंबरचा तो सामना आडवा आला. मला ते अन्यायाचं वाटलं, त्याला तितकं नाही.

आता पुन्हा वेळ आली तर

पहिली दुरुस्ती माझी. ‘सांभाळून घ्या’ असलं वाक्य पंचाला देऊ नये. त्याऐवजी मी पाच प्रसंग मांडायला हवे होते, हा टॅकल, तो टॅकल, इथे काय कराल, आणि आमच्यातलं मतभेदाचं भांडण ऑगस्टमध्येच होऊ द्यायला हवं होतं. जुना पंच आणि मी समोरासमोर बसलो असतो, तर दोघांना कळलं असतं की आम्ही वेगवेगळ्या टॅकलबद्दल बोलतोय. तो मोकळ्या मैदानातल्या, मी रकजवळच्या.

दुसरी, नवा नियम लागू झाल्यावर पहिले दोन आठवडे मार्गदर्शकाने मैदानावर हजर राहायचं. मी त्या शनिवारी स्वतः दुसऱ्या सामन्याला शिट्टी वाजवत होतो. पंच कमी आहेत, हे खरं कारण आहे, पण तेवढं पुरेसं नाही.

मध्यंतराबद्दल अजून एक. पंचाला मध्येच पद्धत बदलावी लागते, त्यात लाज नाही. पण बदललं तर मोठ्याने सांगावं. त्याने दोन्ही कर्णधारांना बोलावून ‘रकजवळ मी जास्त शिट्टी वाजवली, ते बदलतोय, ताठ टॅकलचं काहीही बदलणार नाही’ असं सांगितलं असतं, तर प्रशिक्षकाची विनंतीही राहिली असती आणि रेषाही.

१ जुलै २०२४ ला पुढचे बदल आले. मगरीसारखं गरगर फिरवून रकमधल्या खेळाडूला उलथवणं बंद. लांबलांब किकांच्या देवाणघेवाणीत मैदानभर नुसते उभे राहणाऱ्यांची सोय काढून घेतली. आणि छोट्या चुकीबद्दल फ्री-किक मिळाल्यावर तिच्या बदल्यात स्क्रम मागता येणार नाही. या वेळी त्याने जूनमध्येच गुरुवार सुरू केले, कार्डं तयार केली, मला प्रसंग लिहून पाठवले, त्यातल्या दोनांची उत्तरं माझीच चुकली.

सप्टेंबरातल्या एका रविवारी पंधरा वर्षांखालच्यांचा सामना होता. पहिल्या फ्री-किकला कर्णधार सवयीने म्हणाला, “स्क्रम, सर.” आणि याचे हात स्क्रमची खूण करायला वर निघालेसुद्धा. तेवढ्यात मागून स्क्रमच्या पुढच्या रांगेतला एक चौदा वर्षांचा प्रॉप, तोंडातला माउथगार्ड काढत, म्हणाला, “सर, ते आता चालत नाही.” त्याने हात खाली घेतले, “बरोबर आहे, थँक यू,” म्हणाला आणि फ्री-किकची खूण केली.